लुदविकने गाडी कुंपणावर घातली त्याबद्दल

ओस्त्रूफ, गुरुवार, १६ ऑगस्ट १९७९

आदरणीय लुदविक यांना सेवेरिनचा पडल्या पडल्या सादर नमस्कार.

आपली प्रकृती कशी आहे? दोन्ही मनगटं प्लास्टरमध्ये घालून आपल्याला रिबनिकला घरी सोडल्याचं कळलं. म्हणजे हे पत्र तेक्लावहिनीच वाचून दाखवत असणार. (वहिनी, नमस्कार. कंसातलं गाळू नका, मी मुख्य गोष्टी कंसातच लिहितो.) माझी मांडी एक पट्टी आणि सहा स्क्रू यांच्या ताब्यात असून ती पावसाची बातमी रेडिओच्या आधी देते. बाकी क्षेम. आणि लुदविक, हे ‘आपण’ मला यापुढे झेपणार नाही. चौदा वर्षं तुला ज्या नावांनी हाका मारल्या त्या वहिनींच्या तोंडी घालणं बरं नाही, म्हणून एवढी धडपड केली. आता ‘तू’वर येतो.

त्या रविवारी काय झालं ते तू मागून पाहिलंस, मी खालून पाहिलं, म्हणून माझी बाजू सांगतो. मोटरसायकल शर्यतीच्या तिसऱ्या फेरीत मी पुढे होतो (हे निदान वहिनींसमोर तरी मान्य कर). वळणावर मागचं चाक चरात अडकलं आणि गाडीने मला उधळलेल्या घोड्यासारखं फेकलं. वर तीच मांडीवर येऊन बसली. तोंडात धावपट्टीवरची जळक्या कोळशाची खडी, आणि डोक्यात एकच प्रश्न, मागे कोण आहे? मागे तू होतास. मी म्हटलं, संपलं. एकाहत्तर साली तू मला ढकलून माझं गळ्याजवळचं हाड मोडलंस, पुढच्या वर्षी मी तुझ्या तीन फासळ्यांची परतफेड केली, आणि आपल्या गाड्यांना ब्रेक नसतात. (माझ्या सासूबाईंना अजून वाटतं, क्लबला परवडत नाहीत.)

आणि मग फळ्या मोडल्याचा आवाज आला. माझ्या नाही, कुंपणाच्या. मी मान वळवली तर तू फळ्यांच्या ढिगात, फक्त शिरस्त्राण दिसतंय. मला वाटलं, गेला. तेवढ्यात ढिगातून आवाज, “सेवेरिन, मेलास का रे?”

“नाही.”

“मग ओरड ना गाढवा, कुणाला तरी बोलव! इथे माझ्या छातीवर फळी आहे!”

इतका गोड आवाज मी आयुष्यात ऐकला नाही.

नंतर एकाच रुग्णवाहिकेत आपण शेजारीशेजारी. तू कुंपण बांधणाऱ्या सुताराच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होतास आणि मधेच केविलवाणा होऊन म्हणालास, “नाक खाजतंय.” मी हात लांब करून खाजवलं. (चौदा वर्षांत तुला लावलेला माझा हा पहिला प्रेमळ हात. जरा जोरात लागला असेल तर सवयीचा दोष.)

इथे छताकडे बघत मोडलेल्या हाडांची उजळणी करतो. तेवीस भरली. पण खोटं कशाला बोलू, एकाही हाडाने मला फसवलं नाही. पहिलं मोडलं तेव्हा एक्स-रे काढणाऱ्या पोरीने फिल्म उजेडात धरून म्हटलं, “बाहेरच्यापेक्षा आतून बरे दिसता.” तीच बोझेना. दुसरं मोडलं तेव्हा लग्न झालं होतं. तिसऱ्यानंतर तिने मैदानावर येणं सोडलं. शर्यत असली की ती स्वयंपाकघरात रेडिओ लावून बसते, आणि निवेदकाचा आवाज चढला की रेडिओचा कान पिळते. तेवढा वेळ बटाटे सोलते. पाच माणसांपुरते, आम्ही दोघंच असताना.

लुदविक, आभार कसे मानायचे हे मैदानावर कुणी शिकवत नाही. तिथे फेऱ्या डाव्या हाताच्याच, म्हणून फक्त डावीकडे वळायला शिकवतात. तू त्या दिवशी उजवीकडे वळलास, म्हणून मी आज हे लिहितोय.

तुझा (अक्षर हललंय ते खाटेमुळे)
सेवेरिन

ता. क. एकाहत्तरचा धक्का. तू ढकललं नव्हतंस, मी आपणच घसरलो होतो. पेपरवाल्यांना तुझं नाव सांगितलं, कारण ते सोपं होतं. (वहिनी, हे जरा भरभर वाचा.)

ता. ता. क. खरं काम आता. मंगळवारी डॉक्टर म्हणाले, पाय चालेल, गाडी चालवणार नाही. शर्यती सोडल्याच्या क्लबच्या कागदावर मी सही करून टाकली. बोझेनाला सांगितलेलं नाही. ती चिडेल याची भीती नाही. ती खूश होईल, आणि मग मी दुःख कुणाबरोबर करू? तेव्हा सव्वीस तारखेला, रविवारी, दुपारच्या भेटीच्या वेळेत ये. मी तिला सांगेन. तू नुसता शेजारी बस.

लुदविकभाऊजी, त्याने पाकीट टपालात टाकायला माझ्याकडे दिलं ते न चिकटवता, मग मी काय करू? डॉक्टरांनी मला सोमवारीच सांगितलं होतं. तेव्हापासून खूश न दिसण्याचा सराव करतेय. काल सराव करता करता रडूच आलं, आणि ते खरं निघालं. तुम्ही दोघं नक्की या, मी आलुबुखारचा केक आणते. आणि हो, त्याने सांगितलं की तुम्ही आणि मी मिळून दचकू या. — बोझेना