तंदुरुस्तीचा दाखला

प्रिय लझहर,

तुझा दवाखाना आमच्या गाडीतळापासून हाकेच्या अंतरावर. सकाळी तू खिडकी उघडतोस ती मला माझ्या सीटवरून दिसते. असं असून मी तुला पत्र लिहितोय म्हटल्यावर तू हसशील. हस. शाळेत माझे निबंध तूच लिहून द्यायचास, तेव्हा भाषेकडे फार बघू नकोस. आत्ता माझा नंबर लागलाय, तुनिसची गाडी भरतेय, तीन उतारू आलेत. आठ उतारू भरल्याशिवाय भाड्याची लुआज हलत नाही, त्यामुळे वेळच वेळ आहे. वही स्टिअरिंगवर टेकवलीय, पण अक्षर दिसायला मान इतकी मागे घ्यावी लागते की मागच्या सीटवरचा माणूस म्हणतो, भाऊ, झोपताय की काय?

सत्तेचाळीस हे काही वय नाही, असं मी रोज दाढी करताना स्वतःला सांगतो. तूही त्याच वयाचा आहेस, तुझं तुला काय वाटतं ते कधी बोलत नाहीस. माझं म्हणशील तर बावीस वर्षं केफ ते तुनिस, तुनिस ते केफ, या रस्त्याने माझं शरीर आपल्या मापाचं करून घेतलंय. उजवा गुडघा ब्रेकचा झालाय, खाली उतरलो की सरळ व्हायला कुरकुरतो. डावा हात खिडकीत राहून काळा पडलाय, उजवा गोरा आहे, मबरूका म्हणते दोन नवऱ्यांशी लग्न केल्यासारखं वाटतं. पोट आणि स्टिअरिंग यांच्यात पूर्वी एक कलिंगड मावायचं. आता दोघं एकमेकांना चिकटून प्रवास करतात. आणि कॉलेजच्या पोरी, ज्या परवापरवापर्यंत दादा म्हणायच्या, त्या आता काका म्हणतात. एकीने तर गेल्या महिन्यात हात धरून मला रस्ता ओलांडायला मदत केली. मी रस्ता ओलांडतच नव्हतो रे, नुसता उभा होतो.

पण हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं. लघवीचं तसं नव्हतं. आठवतं, मी किती कडक होतो? वाटेत कोणी थांबा म्हटलं की मी म्हणायचो, बाई, लुआज आहे ही, न्हाणीघर नाही. आता मलाच तेबुर्सूकच्या चढाआधी थांबावं लागायला लागलं. उतारूंना काय सांगणार? चाकात हवा कमी वाटते, म्हणायचो, आणि जैतुनाच्या झाडामागे जायचो. एकदा, दोनदा, मग दर खेपेला. आमच्या तळावर काही लपत नाही. आमच्यातलाच एक चालक, हम्मादी, सगळ्यांदेखत म्हणाला, "तैयब, तुझे टायर एकदा लझहरला दाखव, त्यांना मूतखडा झालाय." सगळे खो-खो हसले, सगळ्यात मोठ्याने मी हसलो.

त्यानंतर मी डॉक्टरकडे गेलो, पण तुझ्याकडे नाही. बाजा शहरात गेलो, जिथे मला कोणी ओळखत नाही. याला आता तीन वर्षं झाली. हे वाचून तुला राग येईल, यायलाच हवा. साखर निघाली, आणि थोडीथोडकी नाही. तिथल्या डॉक्टरबाईंनी गोळ्या दिल्या, वेळेवर जेवा, रोजे धरू नका आणि गाडी चालवता हे तुमच्या डॉक्टरांना आधी सांगा, म्हणाल्या. मी हो हो म्हणत बाहेर पडलो. तुला सांगितलं असतं तर तुला ते परवान्याच्या कागदावर लिहावं लागलं असतं, आणि तू ते लिहिशील याची आणि माझ्यासाठी लिहिणार नाहीस याचीही, दोन्हींची मला भीती वाटली. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून गोळ्या मी गाडीच्या खणात, जुन्या बल्बच्या खोक्यात ठेवतो. मबरूकालाही माहीत नाही. ती बिचारी शुक्रवारी खजूर भरून मकरूद तळते, मधात बुडवून ताटात वाढते, आणि मी तीन खातो, कारण दोन खाल्ले तर ती विचारेल की बरं नाही का.

पाचवा आला. दोन पोती घेऊन आलाय, वर चढवून येतो.

हं. आता यंदाच्या रमजानचं सांगतो, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आजाऱ्याला रोजा माफ, प्रवाशालाही माफ. मी तर दोन्ही. पण तळावर दिवसाढवळ्या पाणी पिणारा चालक म्हणजे एक तर बेदीन, नाही तर आजारी. बेदीन म्हटलं असतं तर मी खपवून घेतलं असतं रे, चार दिवस टोमणे मारतात आणि विसरतात. आजारी चालकाच्या गाडीत मात्र कोणी बसत नाही. म्हणून मी पहाटे गोळी घेत होतो आणि पूर्ण रोजा धरत होतो. आधीची दोन वर्षं निभावली, यंदाही एकोणीस दिवस काही झालं नाही. मला वाटलं बाजाची बाई उगाच घाबरवते.

विसाव्या दिवशी तुनिसहून निघायला उशीर झाला. इफ्तारच्या आधीचा तास तुला ठाऊक आहे, जो तो घरच्या शोरब्याकडे धावत असतो, सगळा रस्ता वेड्यासारखा पळतो. मीही पळत होतो. क्रीब गाव कधी आलं आणि कधी गेलं, मला आजही आठवत नाही. लझहर, चौदा किलोमीटर मी आठ माणसांना घेऊन गेलो आणि त्या चौदा किलोमीटरांत मी नव्हतो. आठवतं ते एवढंच, की शर्ट पाण्यातून काढल्यासारखा भिजला होता आणि शेजारची म्हातारी काहीतरी विचारत होती, मला तिचे शब्द ऐकू येत होते पण अर्थ लागत नव्हता. ती सर्स गावची होती, लेकीचं बाळंतपण करून परत निघालेली. तिने एकाएकी ओरडायला सुरुवात केली, "गाडी थांबव, मला उलटी होतेय, थांबव मेल्या!" आणि माझ्या दंडाला असा चिमटा काढला की पाय आपोआप ब्रेकवर गेला.

ती खाली उतरली, स्वतःला आधार हवा या बहाण्याने मलाही खाली ओढलं, दाराआड उभं केलं आणि इफ्तारसाठी पदराला बांधलेले खजूर एकामागून एक माझ्या तोंडात कोंबले. "थुंकू नकोस. पाप लागलं तर मला लागू दे." आत सगळे तिच्यावर तुटून पडले होते. मावशी, बांगेला वीस मिनिटं राहिलीत, तेवढी कळ काढवली नाही? पोरं ताटावर बसलीत आमची! ती ओकाऱ्या काढत होती, खोट्या खोट्या, आणि मधून मधून ओरडत होती, "म्हातारीच्या पोटाला घड्याळ कळत नाही रे बाबांनो." एका अक्षरानेही तिने मला उघडं पाडलं नाही. माझ्या हातापायांची थरथर थांबल्यावर ती हळूच म्हणाली, "माझ्या नवऱ्यालाही साखर होती, ट्रॅक्टर चालवायचा. चालवायचा म्हणाले, ऐकलंस ना? मी काही दर खेपेला पुढच्या सीटवर नसेन, लेका."

आणि मी काय केलं? त्या सगळ्यांना परत गाडीत बसवलं आणि केफपर्यंत आणलं. उतरताना दोघांनी माझ्यासाठी दुआ मागितली, सुखरूप आणलंस म्हणून.

आठवा आला. निघतो.

आता तुनिसला आहे, परतीच्या रांगेत. माझ्यापुढे चार गाड्या आहेत. येताना सगळं ठीक झालं, हे तू विचारायच्या आधी सांगतो. पण ठीक झालं म्हणजे काय, हे मला आता कळेनासं झालंय. रोजे मी त्या दिवसापासून सोडले, गुपचूप खातो, वेळेवर खातो. तरी मे महिन्यात माजज अल-बाबच्या पुलावर पुन्हा तसंच हातांना कापरं भरलं. कडेला घेतली. चाकातली हवा, म्हणालो. संध्याकाळच्या उजेडात समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे आता पसरट दिसतात. रोज सकाळी मी ठरवतो की मबरूकाला सांगायचं, आज ही शेवटची खेप. ती दारात पाण्याची बाटली घेऊन उभी असते, आणि माझ्या तोंडून येतं, संध्याकाळी भाकरी आणू का? गाडीशिवाय मी काय आहे हे मला माहीत नाही. दुसरं काही येत नाही मला. किल्ली फिरवली की हात आपले आपण कामाला लागतात, माझ्या परवानगीची वाट बघत नाहीत.

आणि पोरीचं, अरवाचं, तुला सांगायला हवं. रविवारी दुपारी ती कॉलेजला तुनिसला परतते. गेली दोन वर्षं माझ्याच गाडीत, माझ्या शेजारी. सूर्यफुलाच्या बिया सोलून मला भरवायची, उतारूंची मागून चेष्टा करायची, मी डोळे वटारायचो. रमजानपासून मी तिला हम्मादीच्या गाडीत बसवतो. माझा नंबर उशिरा आहे, माझ्या गाडीत सामान जास्त आहे, काही ना काही सांगतो. गेल्या रविवारी तिने बॅग खाली ठेवली आणि म्हणाली, "बाबा, खरं सांगा, माझं काही चुकलं का? कोणी माझ्याबद्दल काही सांगितलंय का तुम्हाला?" डोळ्यांत पाणी होतं तिच्या. मी म्हणालो, वेडी आहेस, चढ लवकर, जागा जाईल. तिची गाडी गेली आणि दहा मिनिटांनी माझ्या शेजारच्या सीटवर एक मुलगी येऊन बसली. अरवाच्याच वयाची, परिचारिकेचं शिक्षण घेणारी. बापाने खिडकीतून तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला म्हणाला, "भाऊ, सांभाळून न्या, एकुलती आहे." मी म्हणालो, निर्धास्त राहा. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं लोक उगाच नाही म्हणत. तिथून तुनिसपर्यंत मी त्या पोरीकडे एकदाही बघू शकलो नाही.

गुरुवारी माझ्या परवान्यासाठीच्या तंदुरुस्तीच्या दाखल्याचा दिवस आहे. बारा वर्षं तू तो देतोस. मी येतो, तू म्हणतोस, तोंड दाखव बघू, जिवंत आहेस? मग झालं, आणि न तपासता सही करतोस, आणि आपण कॉफी प्यायला खाली जातो. या गुरुवारीही मी येणार आहे. मी स्वतःला ओळखतो, म्हणून हे लिहून पाठवतोय. मी हसत येईन, हे पत्र म्हणजे त्या दिवशीचा वेडेपणा होता म्हणेन. तू ऐकलं नाहीस तर शाळेची आठवण काढीन, अरवाचं शिक्षण पुढे करीन, मबरूकाला बरोबर घेऊन येईन, कदाचित रडेनही. तुला वाटेल तो तुझा मित्र बोलतोय. कृपा करून त्याचं ऐकू नकोस. लझहर, माझ्याने हे थांबत नाही. दंडाला पट्टा बांध, बोटातून रक्त काढ, जे दिसेल ते कागदावर लिही, आणि सही करू नकोस.

तुझाच,
तैयब