सरकारला लाथ मारण्याबाबत

ती. आत्यास,

आधी तुझ्या गुडघ्यांना आणि मग तुला साष्टांग नमस्कार. (गुडघे आधी, कारण घरात सध्या त्यांचाच हुकूम चालतो असं कळलं.) काकांचा खोकला गेला असेल, नसेल तर ते दुसऱ्यांना खोकल्याची औषधं सांगत असतील. मी मजेत आहे, शर्टाची बटणं साक्ष देतील. अक्षराला हसू नकोस. मी शाळा सोडली की शाळेने मला, यावर तुझं आणि बाबांचं अजून एकमत झालेलं नाही. घड्याळवाल्या काकांच्या धाकटीचा विषय तू काढला होतास, तो कुठवर आला हे मी मुळीच विचारणार नाही. (शेवटी विचारीन.)

तर इथे परमुलखातल्या या लाँड्रीत मी आधी दवाखान्याच्या चादरींच्या घड्या घालायचो, कंटाळलो. मग चादरींच्या गाडीवर गेलो, तिथेही कंटाळलो. आता तळघरात धुलाईला आहे आणि चक्क टिकलोय, ते सरकारमुळे. सरकार म्हणजे आमचं मोठं धुलाईयंत्र. खातं भरपूर, आवाज दांडगा आणि ऐन कामात बसकण मारतं, म्हणून कोणीतरी हे नाव ठेवलं. डाव्या कोपऱ्यात खाली लाथ घातली की सुरू होतं. वरच्या मजल्यावरच्या इस्त्रीवाल्यांचा सरकारशी काडीचा संबंध नाही. त्यांना खिडक्या आहेत, त्यांचे फोन जागेवर लागतात. आमच्या तळघरात फोन लागतो तो फक्त मागच्या प्रार्थनेच्या खोलीत (ती सगळ्या धर्मांना मिळून एकच आहे), तोही झरोक्याखाली हात उंच धरला तर. म्हणून आम्ही धुलाईवाले रोज तिथे.

मध्यंतरी विद्यापीठातून एक संशोधक बाई आल्या. आपल्याच भाषेतल्या, गोड बोलणाऱ्या, चहा पाजणाऱ्या. धर्म आणि राजकारणातली मारामारी यांवर अभ्यास होता. प्रार्थनेच्या खोलीत किती वेळा जाता? रोज, म्हटलं. सरकार ऐकत नसेल तर बळाचा वापर योग्य वाटतो का?

आता तूच सांग, मी काय म्हणणार? माझ्या शेजारी धुलाईतलाच ढोल्या होता, तो म्हणाला, "बाई, लाथेशिवाय ऐकतंय होय ते!"

बाई पुढे सरकल्या. "असं केव्हापासून वाटतं?"

"धुलाईला लागलो तेव्हापासून."

"कोणी शिकवलं?"

"मुकादमांनी. पहिल्याच दिवशी."

"आणि भीती नाही वाटत?"

"बूट असतात की पायात!"

(बाई भराभरा लिहीत होत्या. माणूस इतकं मन लावून ऐकतोय म्हटल्यावर आम्हीही खुललो. मी तर सरकारची डावी बाजू कशी चेपवली तेही सांगितलं.) वर इस्त्रीवाल्यांना विचारलं, तर ते प्रार्थनेला कधी जात नाहीत आणि सरकारला हात लावायची त्यांची छाती नाही. झालं. बाईंना हिशेब एकदम जुळलेला दिसला. जाताना त्यांनी खोलीतला फोटोही काढला. सगळ्यांत पुढे मी, हात उंच, तोंड उघडं.

लेख आला. मथळा असा की जितकी प्रार्थना जास्त, तितकी हिंसेची ओढ जास्त. मालकांनी वाचला आणि घाबरून खोलीला कुलूप ठोकलं. त्यामुळे फोन बंद, म्हणून हे पत्र. प्रार्थना थांबली, पण सरकारला लाथा पूर्वीइतक्याच चालू आहेत, हे मी बाईंना चिठ्ठीने कळवलं. त्या धावत आल्या. मी सरकारची ओळख करून दिली. आधी त्यांचा चेहरा पांढरा पडला, मग हसून हसून त्या चादरींच्या ढिगावर बसल्या, आणि उठून स्वतः एक लाथ घातली. पहिल्या लाथेत सुरू! मुकादम म्हणाले, बाईंना ठेवून घ्या. त्या दुरुस्ती छापणार आहेत. पण आत्या, लेख आणि फोटो लोक एकमेकांना पाठवतात, दुरुस्ती कोण कोणाला पाठवतं?

बाकी सगळं छान. जेवण वेळेवर, झोप गाढ, सरकार ठणठणीत.

तुझा,
एका जागी टिकलेला भाचा

ता. क. तो फोटो घड्याळवाल्या काकांच्या मोबाईलवर पोचलाय आणि असल्या माथेफिरूला मुलगी देणार नाही म्हणालेत, असं कळलं. गुडघे परवानगी देतील तेव्हा त्यांच्या दुकानात जा आणि सरकार म्हणजे काय ते नीट समजावून सांग. माझं सगळं त्यावर आहे.

ता. क. संशोधनाचा उत्तरार्धच तेवढा चुकलाय म्हणून सांग. मुलगा रोज प्रार्थनेला जायचा हे छापून आलंय, ते राहू दे.

ता. क. काकांचा नकार मला कोणाच्या पत्रातून कळला, ते विचारू नकोस. फोटोतल्या माझ्या हातात फोन आहे आणि फोनवर एक चेहरा दिसतोय. तू बोलत असताना काकांना तो फोटो परत बघू देऊ नकोस. ते घड्याळवाले, भिंग कायम डोळ्याला लावलेलं, आणि चेहरा त्यांच्या चांगल्या ओळखीचा आहे.