मागची चाकं उचलली

मार्च २००७, शुक्रवार संध्याकाळ, यिशुन, सिंगापूर

अजून डोकं शांत होत नाहीये. आज चोआ चू कांगला गाडी बंद पडली. पार्किंगमध्ये तिचं तोंड भिंतीकडे होतं, म्हणून टो करायला आलेला माणूस सरळ मागची चाकं उचलायला लागला. मी म्हटलं, "गाडी ऑटोमॅटिक आहे, पुढच्या चाकांवर चालते. पुढची चाकं रस्त्यावर फिरली तर गिअरबॉक्स जाईल." तो म्हणाला, "कॅन लाह, मॅडम." म्हणजे, चालतंय हो. आणि संदीप, माझा नवरा, त्याला म्हणाला, "सॉरी अंकल, शी वरीज टू मच."

माझ्या वतीनं सॉरी. कशाबद्दल? मी इंजिनिअर आहे हे त्याला माहीत नाही?

वर्कशॉपमध्ये बॅटरी बदलून गाडी सुरू केली तर गिअरचा दिवा पेटलेला. मेकॅनिकनं मशीन लावून कोड वाचला. गिअरबॉक्स तापलाय. अशी कुणी ओढून आणली, त्यानं विचारलं. संदीप फोनमध्ये बघत राहिला. घरी आल्यावर मला म्हणतो, "तू तेव्हाच ठामपणे सांगायला हवं होतंस." अजून किती ठामपणे? ते सॉरी मध्ये आलं नसतं तर...

टोवाल्यांकडे तक्रार लिहायची, तीही मीच. लिहिली. मी बजावलं होतं आणि नवऱ्यानं मला गप्प केलं, हेही लिहिलं. गाडी त्याच्या नावावर, म्हणून सही त्याची. त्यानं दोनदा वाचलं.

"हे वाक्य काढ ना."

"खोटं असेल तर काढते."

त्यानं सही केली. माझा राग मात्र तसाच आहे.