उजीचा वाटा

इंदिरानगर, नाशिक
सोमवार, दि. १२ एप्रिल २००४

प्रिय उज्वला,

सलाम.

एवढ्या वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकू नकोस. सगळे खुशाल आहेत, कुणी गेलेलं नाही. माझा गुडघा कुरकुरतो, पण मुख्याध्यापिका म्हणून मीही जन्मभर कुरकुरच केली, तेव्हा त्याला काय बोलणार? तुझ्या राजची परीक्षा कशी झाली? सायखेड्याला ऊन फार आहे का?

गुलछडी पोचली. दर ईस्टरला तुझी टोपली एसटीने येते, यंदा तुझे खंडेराव स्वतः घेऊन आले. वेदीजवळ ठेवली तर सगळं चर्च घमघमलं. बायका दर वर्षी विचारतात, "सुवर्णाबाई, इतकी ताजी फुलं कुणाकडून?" मी सांगते, "ओळखीतले आहेत एक." पाठची सख्खी बहीण, तिला मी सहा वर्षं 'ओळखीतले एक' म्हणत आले. काल मात्र सांगितलं, माझ्या धाकट्या बहिणीच्या मळ्यातली आहेत म्हणून.

प्रभुभोजनाची भाकर करायची पाळी काल माझी होती. आई करायची तशीच केली, बिनखमिराची, पातळ. पण घ्यायची वेळ आली तेव्हा सगळे पुढे गेले आणि मी बाकावरच बसून राहिले. आपल्या हातची भाकर, आणि आपणच उपाशी! मागून आक्काबाई कुणाच्या तरी कानात म्हणाली, "बाईंच्या हातून काहीतरी घडलंय बहुतेक." त्या बाईचा अंदाज आयुष्यात पहिल्यांदा बरोबर आला.

आता मुद्द्यावर येते. तीन कागद फाडून झालेत.

शनिवारी खंडेरावांना मी चहा दिला. बशीत ओतता ओतता ते खाली बघूनच म्हणाले, "ताई, एक इचारू का? रागवू नका. हिच्या मनात लय वर्सांचं हाय. आईनं जाताना बी मला भाकर नाय दिली, म्हनती. सण आला का रडती. आई तशा नव्हत्या ना हो?"

मी म्हटलं, "आणखी चहा देऊ?"

हे माझं उत्तर, उज्वला. चाळीस वर्षं पोरांकडून खरं वदवून घेणारी बाई मी.

आई तशी नव्हती.

सहा वर्षांपूर्वी त्या दिवशी पाळकसाहेब आजारी आईला प्रभुभोजन द्यायला घरी आले होते. तू सकाळच्या गाडीने मेथीच्या जुड्या घेऊन आली होतीस आणि मागच्या ओट्यावर निवडत बसली होतीस. साहेबांचा आवाज ऐकून तू पदराला हात पुसत आत निघालीस. कपाळावर ठसठशीत कुंकू. तेवढं पाहून मी तुला स्वयंपाकघराच्या दारातच अडवलं. म्हणाले, "आई म्हणते, तू येऊ नकोस. तिला त्रास होईल."

आई असं काही म्हणाली नव्हती. ती तुझीच वाट बघत होती. साहेबांनी विचारलं, "धाकटी कुठाय?" तर मी सांगितलं, "तिला नको आहे." दारात एक खोटं आणि खाटेजवळ दुसरं, मध्ये फक्त आठ पावलं. आणि मला वाटत होतं, मी देवाच्या घराची राखण करते आहे! देवाने मला कधी राखणीला ठेवलं होतं?

आईने भाकरीचा तुकडा हातात घेतला, अर्धा मोडून खाल्ला आणि अर्धा मुठीत धरला. साहेब गेल्यावर तिने मूठ उघडली. "ही उजीला दे. तिला नको असेल तरी दे." माझ्यावर तिचा विश्वास बसला होता की नाही, कोण जाणे. मी ओट्यावर आले तर मेथी निवडून, पाण्याने धुऊन ठेवलेली. तू पाचच्या गाडीने निघून गेली होतीस. तिसऱ्या दिवशी आई गेली.

दफनाच्या वेळी तू फाटकाजवळ लांब उभी होतीस. तुकडा माझ्या पर्समध्ये होता. वीस पावलंही चालले नाही मी.

तो अजून आहे. आईच्या चष्म्याच्या डबीत, रुमालात गुंडाळून. टाकवत नाही, खाववत नाही, आणि तुला देण्याची हिंमत झाली नाही. खडखडीत वाळलाय. रविवारच्या शाळेत मुलांना कुसळ आणि मुसळ शिकवायला मी घरचं खरं मुसळ घेऊन जायचे, आठवतं? तू परकरातली पोर, पहिल्या बाकावरून ओरडायचीस, "ताई, एवढं डोळ्यात मावतं कसं?" मावतं गं. सहा वर्षं मावलं.

कुंकू का लावतेस, हे मी विचारणार नाही. तू काही चांगलं कारण सांगशील, माझं समाधान होईल आणि मग मी तुला माफ केल्यासारखं होईल. तो अधिकार माझ्याकडे कधीच नव्हता. तुझं कपाळ तुझं आणि तुझ्या देवाचं. माझ्याकडे फक्त तुझा वाटा अडकला आहे, तो द्यायचा आहे.

तुला इकडे बोलवत नाही. दारात मी अडवलं होतं, तर चालत मीच यायला हवं. येत्या रविवारी उपासनेनंतरच्या गाडीने येते. डबी बरोबर असेल. तुझं मन झालं नाही तर आत घेऊ नकोस. मेथी असेल तर बाहेर आणून टाक, निवडत बसेन. पाचला परतीची गाडी आहे, मला ठाऊक आहे. आणि एवढं मात्र आजपासूनच धरून ठेव, मी पोचायची वाट पाहू नकोस: आईने तुला नाही म्हटलं नव्हतं. तिने स्वतःच्या घासातला अर्धा तुझ्यासाठी ठेवला होता.

राजला गोड पापा. खंडेरावांना सांग, त्यांच्या प्रश्नाचं उत्तर टपालाने पाठवलं आहे.

रविवारी तुझ्या ओट्यावर बसलेली असेन,

ताई