टाळ्यांची भिंत

३ ऑगस्ट, सोमवार

पोहोचले एकदाची! हॉटेलची ही एक खोली आमच्या घरातल्या दोन्ही खोल्या मिळून होईल एवढी आहे. खिडकी उघडत नाही, पण गादी अशी की बसल्याबरोबर माणूस आत गडप. दाराबाहेर एक खुर्ची ठेवली आहे. तिच्यावर जेवणाचा डबा ठेवून कोणीतरी टकटक करतं आणि पळून जातं. लहानपणी आम्ही शेजाऱ्यांची बेल वाजवून पळायचो, अगदी तसं. नाकात काडी घालून झाली. निकाल येईपर्यंत खोलीबाहेर पाऊल टाकायचं नाही, म्हणून ही वही काढली.

लग्नांचे व्हिडिओ जोडून पोट भरणारी मी. साथ आली आणि लग्नं घरातल्या घरात उरकू लागली. खोलीत मावतील एवढीच माणसं, तीही मास्क लावून, त्यांचा कसला व्हिडिओ करायचा! घरी बसून बसून अंगाला बुरशी यायची वेळ आली होती, तेवढ्यात हे काम चालून आलं. टीव्हीवरची अडथळ्यांची शर्यत. यंदा मैदानात प्रेक्षक आणता येत नाहीत, आणि टाळ्यांशिवाय असल्या कार्यक्रमाला चव नाही. त्या टाळ्यांची सोय पाहायची मी.

आत्याला एकटं सोडणं जिवावर आलं होतं. आईबाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच, आणि तिला दमा. तिला काही झालं तर मला दुसरं कोणी नाही, हे मी तिला सांगत होते, पण आत्यानं आजवर कोणाचं वाक्य पूर्ण होऊ दिलेलं नाही. मध्येच म्हणाली, जा बाई, दिवसरात्र तुझंच तोंड बघून कंटाळा आलाय. मग बॅग भरायलाही तीच बसली.

६ ऑगस्ट, गुरुवार

निकाल चांगला आला. आज स्टुडिओ पाहिला. एक अवाढव्य गोदाम आहे आणि त्यात उतारावर तेल लावलेली फळी, लोंबते ओंडके, दोरांचं जाळं, मध्ये पाण्याचा हौद आणि शेवटी एक तिरकी भिंत, जिच्यावर पळत चढायचं. मी नुसती फळीवरून चालायला गेले आणि आपटले. प्रकाशयोजना करणारा पोट धरून हसला.

या सगळ्यासमोर माझी भिंत. जमिनीपासून छतापर्यंत पडद्यांच्या चौकटी, आणि प्रत्येक चौकटीत आपापल्या घरी बसलेला माणूस. स्पर्धकांच्या नातलगांना कंपनीनं एकेक टॅब पाठवला आहे, स्टँडसकट. तो कायम विजेला जोडलेला ठेवायचा, चित्रीकरणाच्या वेळी तो आपोआप सुरू होतो. नातलगांनी फक्त समोर बसून टाळ्या वाजवायच्या.

आता लाइन म्हटली की तुटणारच. म्हणून प्रत्येकाचे पहिल्याच दिवशी तुकडे घेऊन ठेवले आहेत: टाळ्या वाजवताना, उठून उभं राहताना, तोंडावर हात घेताना, डोळे पुसताना. एखादं चित्र अडकलं की मी तिथे तुकडा लावायचा. टीव्हीवर पाहणाऱ्याला कळत नाही आणि स्पर्धकालाही नाही. मी वर काचेमागच्या खोलीत बसते आणि माझ्या कानातल्या यंत्रातून मजल्यावरची व्यवस्थापिका हुकूम सोडते. तिचं नाव मी मनातल्या मनात शिट्टी ठेवलं आहे.

सगळ्यांचे फोन काढून घेतले, कोण हरलं कोण जिंकलं ते फुटू नये म्हणून. स्पर्धकांना फोन नाहीच, त्यांची माणसं त्यांना भिंतीवर दिसतात. आम्हा कामगारांना दुपारी संपर्काच्या खोलीत पडद्यावर घरच्यांशी बोलता येतं. आत्यालाही टॅब मिळाला आहे. तिचेही तुकडे घेतले म्हणे, कशाला कोण जाणे. त्या खोलीमागे दुसरा एक संकलक बसतो. कोणाशी बोलत नाही, त्याला सगळे गोगलगाय म्हणतात. तो नेमकं काय करतो ते मला अजून समजलेलं नाही.

११ ऑगस्ट, मंगळवार

पहिल्या फेऱ्या झाल्या. एक बँकेतली बाई पहिल्याच ओंडक्यावरून हौदात पडली आणि वर येऊन स्वतःच खो खो हसत सुटली. पण मला आवडला तो सुतार. अंगानं काटकुळा, बोटं मात्र पक्कडीसारखी. दोरांच्या जाळ्यावरून असा गेला की मी तुकडे लावायचंच विसरले.

त्याच्या वाट्याला भिंतीवर एकच चौकट आहे, वडिलांची. एकटेच राहतात ते. निघण्याआधी तो त्या चौकटीपुढे जाऊन उभा राहतो, वडील दोन बोटं वर करतात आणि मगच हा पळतो. वडिलांसाठीच आलोय असं त्यानं मुलाखतीत सांगितलं.

आत्याशी बोलले. म्हणजे तीच बोलली. पाणी कधी आलं, वाणी पिशवी दाराशी टाकून कसा पळाला, आमच्या इमारतीत कोणाला लागण झाली आणि फाटक कसं बंद केलं. खोकत होती. औषध घेतेस का, एवढंही विचारू दिलं नाही मला. निघाले तेव्हा कान किटले होते आणि फार बरं वाटत होतं.

१७ ऑगस्ट, सोमवार

आज लाइनींनी छळलं. एकेक चित्र पटापट अडकत होतं आणि मी तुकडे लावत सुटले होते. सुताराच्या वडिलांचंही अडकलं. आणि अडकतात तीही अशा वाईट क्षणी! मान एका बाजूला, तोंड किंचित उघडं. गंमत म्हणजे त्यांच्या मागचा पडदा वाऱ्यानं हलत होता. अर्धं चित्र चालू आणि अर्धं बंद, असली लाइन मी पहिल्यांदाच पाहिली. शिट्टी कानात ओरडली, तशी मी दोन बोटं वर करणारा तुकडा लावला. सुतार तिरक्या भिंतीवर एका दमात चढला.

दमले. गरम पाण्यानं आंघोळ करून आडवी होणार आहे.

२१ ऑगस्ट, शुक्रवार

सुताराच्या वडिलांची लाइन अजून तशीच. मी आता पाहतही नाही, तुकडाच लावून ठेवते. भिंतीवरच्या आणखीही काही चौकटी अशाच कायमच्या तुकड्यांवर चालल्या आहेत. तक्रार केली तर तंत्रज्ञ म्हणतो, जाऊन बघायला माणूस कुठला आणू, सगळीकडे बंद आहे. खरंच आहे ते.

भिंत मात्र दिसते छान. सगळे हसतात.

२६ ऑगस्ट, बुधवार

दिग्दर्शकानं मला त्याच्या खोलीत बोलावलं. सुताराचे वडील गेले. शेजाऱ्यांना वास आला तेव्हा दार फोडलं. समोर टॅब चालू होता म्हणून पोलिसांनी कंपनीला फोन केला. बाकीचं नगरपालिकेनं उरकलं.

दिग्दर्शक वाईट माणूस नाही. त्याचे डोळे लाल होते. म्हणाला, आता त्याला सांगून माणूस परत येणार आहे का, उलट तो शर्यत सोडून जाईल आणि जाऊन तरी काय पाहील. अंतिम फेरी झाली की मी स्वतः सांगेन. तोपर्यंत तुझे तुकडे चालू ठेव.

मी बरं म्हटलं.

दुपारी फेरी होती. सुतार चौकटीपुढे उभा राहिला. मी दोन बोटं वर केली. म्हणजे तुकडा लावला. संध्याकाळी सगळं जेवण संपवलं आणि रडू येईल म्हणून वाट पाहिली. आलं नाही.

२९ ऑगस्ट, शनिवार

सकाळी दात घासताना एकदम लक्षात आलं.

लाइन अडकली की सगळं चित्र अडकतं. पडदा हलत नाही.

म्हणजे त्या दिवशी लाइन चालूच होती. तेच हलत नव्हते. मी पाहिलं, माझ्या डोळ्यांनी पाहिलं, आणि वरून टाळ्या लावल्या. ते तेव्हा गेलेले होते की जायचे होते, हे डॉक्टरांना म्हणे सांगता आलेलं नाही. मी शिट्टीला विचारलं, की कायम तुकड्यांवर असलेल्या बाकीच्या चौकटी कोणी तपासल्या का. तिनं माझ्याकडे बघितलं आणि दुसरीकडे गेली.

तोंड धुऊन कामावर गेले. दुसरं काय करणार होते.

३१ ऑगस्ट, सोमवार

आत्याशी बोलले. बरी दिसली. खोकला नाही. मी तिला सुताराचं सगळं सांगितलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. ती मान हलवत होती. शेवटी म्हणाली, "बरं गं. जेवलीस का?"

हलकं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही. खोलीवर आल्यापासून काहीतरी टोचतंय.

१ सप्टेंबर, मंगळवार

तिनं मला सगळं बोलू दिलं.

मधे एकदाही तोडलं नाही. आत्यानं.

आज पुन्हा गेले. मुद्दाम वाक्य अर्धं सोडलं आणि थांबले. ती हसून मान हलवत राहिली. अंगावर तीच निळी ओढणी, काल होती तीच. परवाही तीच होती का — मला आठवत नाही. मी म्हटलं, आत्या, मला काम सोडावंसं वाटतंय. म्हणाली, "बरं गं. जेवलीस का?"



२ सप्टेंबर, बुधवार

शिट्टीकडे फोन मागितला. अंतिम फेरीपर्यंत नाही म्हणाली. घरी कोणाला तरी पाठवा म्हटलं. माणूस पाठवला होता म्हणे, पण इमारतीचं फाटक बंद, लागण झालेली, आत सोडत नाहीत. मी दारातून बाहेर पडायला गेले तर रखवालदारानं हात जोडले. बाहेर गेलीस तर पुन्हा पहिल्यापासून खोलीत कोंडून ठेवतील, आणि बाहेर गाडी तरी कुठे आहे, म्हणाला. नीट बोलत होता बिचारा. सगळेच नीट बोलतात.

३ सप्टेंबर, गुरुवार

मागच्या खोलीत शिरले. गोगलगाय जेवत होता. त्याच्यासमोर पडदे, आमच्या सगळ्यांच्या घरची माणसं. लाइटवाल्याची बायको. शिट्टीचा मुलगा. आत्या, निळी ओढणी —

मान हलवताना. हसताना. जेवलीस का विचारताना. एकेका तुकड्याला एकेक बटण. मी सुतारासाठी जे करते ते हा माझ्यासाठी करतो. मी त्याला विचारलं, लाइन कधीपासून तुटली आहे. त्यानं चमचा खाली ठेवला. पहिल्यांदाच त्याचा आवाज ऐकला.

"लाइन तुटलेली नाही ताई. समोरून उत्तर येत नाही, एवढंच."

कधीपासून, विचारलं. मागच्या आठवड्यात कधीतरी. त्यानं पाहिलं नव्हतं. तो पाहत नाही. उत्तर आलं नाही की तुकडा लावायचा, असं त्याला सांगितलंय. मलाही तसंच —

खरं चित्र दाखव म्हटलं. परवानगी लागेल म्हणाला. चूक त्याची नाही. मी त्याच्या जागी असते तर —

मी त्याच्याच जागी आहे.

४ सप्टेंबर, शुक्रवार

अंतिम फेरी. सुतार येऊन चौकटीपुढे उभा राहिला. मी काहीच लावलं नाही. शिट्टी कानात — यंत्र काढून ठेवलं. चौकट काळी. तो वाट पाहत राहिला. मग वळून माझ्या काचेकडे पाहिलं. मी खाली जाऊन सांगितलं. दोन वाक्यं. तो खाली बसला, तेल लावलेल्या फळीवरच, आणि हळूहळू घसरत —

कोणी त्याला धरलं नाही. अंतर ठेवायचं असतं.

तिथून सरळ गोगलगायीच्या खोलीत. तो उठून उभा राहिला, मला खुर्ची दिली. म्हणाला, बघाच म्हणता? मी हो म्हटलं. वही मांडीवर आहे. लिहीत राहिलं म्हणजे तेवढा वेळ बघावं लागत नाही.

त्यानं तुकडा काढला.

आमची खोली. दिवसाउजेडी. आत्या खुर्चीत आहे. टॅबकडे तोंड करून. निळी ओढणी नाही, घरातली जुनी साडी. हलत नाही.

चित्र अडकलंय. लाइन खराब असली की असं होतं, रोज होतं, मी रोज बघते. मान एका बाजूला गेली आहे, पण चित्र अडकतं ते अशाच वाईट क्षणी. चित्रच अडकलंय. सगळंच थांबलंय. टेबल, कपाट, आत्या, वरचा पंखा —

पंखा