खुंट्यांमधली फट

५ जानेवारी, सोमवार
ऋतुजा दिसली. आमच्याच साइटवर!
मी घमेल्यापाशी वाकलेलो. मागून आवाज, "फुटपाथ प्रत्येक गेटपाशी का खाली उतरवलाय?" वळायच्या आधीच ओळखला. ती आता कन्सल्टंटकडं लागलीय, रस्ता नियमात आहे का ते तपासते. मी मामाच्या ठेक्यावर मुकादम. इंजिनिअरिंगला एकाच वर्गात होतो. मी सरांची कॉलर धरली, कॉलेज सुटलं, तेव्हापासून ती बोललेली नाही. आजही बोलली ती फुटपाथाबद्दलच. चालणाऱ्यानं सरळ चालायचं, चढउतार गाड्यांनी करायचा.
मामा म्हणाला, "म्याडम, बंगलेवाले आम्हाला हाणतील."
मी म्हणालो, "हाणू दे. करतो."
मामानं लई वेळ माझ्याकडं बघितलं.

७ जानेवारी, बुधवार
ऋ. सायकलवर येते. आमच्या सायकल ट्रॅकवरून! लाल रंग नीट वाळलापण नाही. संध्याकाळी एक बाईकवाला ट्रॅकमधून उलटा आला, तिच्या हँडलला घासून गेला. पडता पडता वाचली. मी पळत जाऊन त्याला अडवलं, चावी काढली आणि नाल्यात फेकली.
ऋ. म्हणाली, "अजून तसाच आहेस."
हे कौतुक नव्हतं. कळतंय. तरी घरी फुलंब्रीला पोचेपर्यंत तेच घोळत होतं.

८ जानेवारी, गुरुवार
ट्रॅकच्या तोंडाशी लोखंडी खुंटे बसवायचे. ड्रॉइंगमध्ये दोन खुंट्यांतली फट मोठी आहे, तेवढ्यातून बाईक आरामात जाते. मग खुंटे कशाला, शोभेला? ड्रॉइंग गुंडाळून ठेवलं. माझी गाडी आणून उभी केली. हँडलच्या रुंदीपेक्षा चार बोटं कमी अशी काठी कापली आणि त्या काठीनं खड्डे आखले.
आमचे मिस्त्री रफिकभाई. म्हणाले, "मियां, नक्शे में तो जादा है."
"बसवा हो तुम्ही."
"बसाताऊं. सडक तुम्हारे दिल की है, अपने को क्या."
कान तापले. सगळ्या साइटला माहीत आहे की काय?

१२ जानेवारी, सोमवार
वाट लागली.
काँक्रीट धरलं, फळ्या काढल्या. पहिलाच बाईकवाला आला. हळू केली, आणि गेला. हँडल खुंट्यांच्या वरून! खुंटा मांडीएवढा उंच, हँडल त्याहून वर. मी वरचं माप घेतलं, खालून जायचं असतं फक्त चाक आणि पाय. माझ्या कसं लक्षात आलं नाही? पोट्टा वळून हसलापण.
त्याच्यामागं युसूफचाचा. पुढच्या चौकात घड्याळं दुरुस्त करतात, हातानं चालवायची तीनचाकी. त्यांची मागची चाकं दोन्हीकडून अडली. रफिकभाईनं मागं ओढून सोडवली.
"बेटा, ये रस्ता किसके वास्ते बनाया?"
रागावले नव्हते. खरंच विचारत होते. मग मेन रोडनं गेले, सिटी बसच्या कडेकडेनं.
ऋ. समोर उभी होती. खुंट्यांचा फोटो काढला, गेली.

१३ जानेवारी, मंगळवार
फोन उचलत नाही. दुपारी मेसेज: "व्हीलचेअर जाईल एवढी फट ड्रॉइंगवर होती. तुला ड्रॉइंग वाचता येतं, म्हणून जास्त राग आलाय."
मामाला म्हणालो, सगळे काढून परत बसवू.
"शुक्रवारी तपासणी हाय. तवर हात लावायचा नाय. आता उपटले म्हंजी चूक आपणच कबूल केली."
चूक आपलीच आहे ना पण. म्हणजे माझी.
चाचा आजही मेन रोडनंच.

१५ जानेवारी, गुरुवार
मधला खुंटा उपटला. पहारीनं. हाताला फोड आलेत, पेन धरवत नाही.
मामा आला. "कॉलेजात टिकला नाय, इथंबी टिकायचं नाय का तुला?"
चाचा मोकळ्या जागेतून गेले. हात वर केला. बरं वाटलं, पण कुठवर? पाठोपाठ रिक्षा घुसली. सीटा भरलेल्या! मग मीच जाऊन फटीत उभा राहिलो.
"हट ना भाऊ!"
नाही हटलो. शिव्या खाल्ल्या. एक-दोन दिल्या. चावीला मात्र हात लावला नाही.

१६ जानेवारी, शुक्रवार
तपासणी. मी फटीत उभाच. ऋ. आली, सायकल स्टँडवर लावली.
"तू काय खुंटा आहेस का?"
"खुंटा वळून बघत नाही. मी बघतो. चाचा आले की सरकतो."
हसली नाही. हसू आलं होतं, दाबलं.
"आणि तू जेवायला गेलास की? आजारी पडलास की? माणूस उभा करायचा असं नियमात नाही."
"मग ड्रॉइंगमधल्या फटीतून बाईक जाणारच. त्याचं काय?"
ती खड्ड्यापाशी वाकली. म्हणाली, "त्याचं मलाही माहीत नाही."
पहिल्यांदा तिच्याकडून असं ऐकलं.
रिपोर्टमध्ये 'नियमबाह्य' लिहिलं. माझ्यासमोरच. लिहायलाच पाहिजे होतं. मामा तिकडं डोकं धरून बसला. जाताना ऋ.नं मोजायचा टेप माझ्या हातात दिला, "सोमवारी येते. तोवर खड्डा बुजवू नको. आणि काठीनं मोजू नको."
टेप कशाला दिला? सोमवारी तिलाच लागेल की. की मी आधी मोजून ठेवायचं? विचारायला हवं होतं.
खड्ड्यावर फळी टाकलीय. उद्या-परवा सुट्टी. फटीत उभं कोण राहणार?