दोंकोर घरची हाक

ट्रॉय, १२ जानेवारी २०२४

ती. नीलांबरी मावशीस,
सा. न. वि. वि. मेतकूट पोचलं. निम्मं क्वेसीनंच संपवलं, तेही ब्रेडला लावून! मला सातवा लागला. आधीची दोन्ही बाळं याच महिन्यात गेली, म्हणून फार भीती वाटते.

बाळाला क्वेसीचं आडनाव लावायचं नाही, असं मी ठरवलंय. घानातल्या त्यांच्या अकान लोकांत दोंकोर म्हणजे गुलाम. सासूबाई सांगतात, मुलं जगत नसली की असं नाव ठेवायचं. मृत्यूला वाटावं, हे कुणाचं लाडकं नाही. क्वेसीचे पणजोबा त्या नावानं जगले आणि तेच पुढे आडनाव झालं. मी हसण्यावारी नेलं. मुलगी आहे. नाव मी मनातच ठरवलंय, आन्या. क्वेसीलाही बोललेले नाही.

पण काल दुपारी मागच्या अंगणातून कुणीतरी त्याच नावानं हाक मारली. जाऊन पाहिलं, तर बर्फावर एकही पाऊल नव्हतं.

लोभ आहेच, तो वाढता असावा.
तुझी प्रीता

एडिसन, २० जानेवारी

चि. प्रीतास अ. उ. आ.
लिहून कळवलंस ते बरं केलंस. ते नाव फोनवरही काढू नकोस. मेतकूट ब्रेडला लावणाऱ्या जावयाला मी माफ केलंय.

आडनावाचं मात्र ऐक. माझ्या जन्माआधी आमच्याही दारात अशी हाक यायची. मनोहरदादानं चार वर्षांचा असताना ओ दिली. अंगात कणकण आली आणि तिसऱ्या दिवशी गेला. मग मी झाले, तर आईनं माझं नाव ठेवलं धोंडी. नीलांबरी हे लग्नातलं. शाळेत मुली चिडवायच्या, मी रडत घरी यायचे. पण मला कधी हाक आली नाही.

आई म्हणायची, नाव कुणाचंही असो, ती हाक ओ देणाऱ्यालाच नेते. सासूबाईंचं ऐक. तू ओ देऊ नकोस.

माया आहेच. जपून राहा.
मावशी

ट्रॉय, ३० मार्च

ती. मावशीस सा. न. वि. वि.
पोर झाली. सहा पौंडांची, नाक थेट तुझं! कागदावर धोंडी दोंकोर लिहिलं. धोंडीचा अर्थ सांगितल्यावर सासूबाई आधी पोट धरून हसल्या, मग रडल्या. बाळाचं कौतुक कुणी करायचं नाही, असा त्यांचा दंडक आहे.

तो मीच मोडला. परवा पाजताना राहवलं नाही, कानात आन्या म्हटलं. एकदाच. लगेच अंगणातून हाक आली. काल ती जिन्यात होती.

आज दुपारी पाळण्यापाशी आली. पोरीनं मान वळवली, ओठ उघडले. तिच्या तोंडून आवाज फुटायच्या आत मी ओ दिली. चांगली मोठ्यानं दिली.

आता घर शांत आहे. धोंडी गाढ झोपलीय. सासूबाईंना सांगितलं, तेव्हापासून त्यांनी माझा हात सोडलेला नाही. मला जराशी कणकण वाटते. भीती वाटते गं, पण पश्चात्ताप नाही.

माझ्यावरचा लोभ यापुढे धोंडीवर असू द्यावा.
प्रीता